हौसाबाईच्या गळ्यातली गाठ

कोपरीत लग्न ठरलं की आधी हौसाबाईची तारीख विचारायची आणि मग मुहूर्त काढायचा, असा रिवाजच पडला होता. एक नवरा नाही मिळाला तर दुसरा मिळतो, पण धवलारीण कुठून आणायची? आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला तर बरं, नसला तर अडत नाही. धवलारीण नसली तर मात्र हळदही कालवली जात नाही. ती मांडवात पाटावर बसते आणि धवले गात गात सगळं लग्न लावते. तिनं पाण्याचा धवला धरला की बायका घडे उचलतात, हळदीचा धरला की हळद लागते, आणि ती थांबली की अख्खं लग्न जागच्या जागी थांबतं.

आणि हौसाबाई मनात आलं की थांबायची. वरमाय पुढे पुढे करते आहे, मांडवात विडीचा धूर होतो आहे, नवरा हसतो आहे, काहीही कारण तिला पुरे. "अरे ए, लगीन तुजा हाय, जत्रा नाय!" असं एकदा नवऱ्याला सुनावलं, की तो बिचारा वरात घरी पोचेपर्यंत हसत नसे. स्वतःचा नवरा सोडला तर ती सगळ्यांना अरे-तुरे करी. देवांनाही मांडवात बोलवायची ते दम भरूनच.

आवाज मात्र असा, की त्यासाठी हे सगळं लोक मुकाट सोसत. कोपरीत तिनं वरचा सूर लावला की मिठागरावरची माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. त्या माणसांत तिचा नवरा धाकूही असे. धाकूनं लग्नानंतर एखादं वाक्य पुरतं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तो तोंड उघडी, दोन शब्द टाकी, आणि उरलेलं वाक्य हौसाबाईच म्हणून टाकी. पंचाईत अशी की ते बहुतेक वेळा बरोबर असायचं.

हौसाबाईत खोट एकच होती. ती कुणाला धवले शिकवत नसे. पोरी येत, पायाशी बसत, ती अर्धी ओळ गुणगुणे आणि त्यांना तांदूळ निवडायला लावी. तांदूळ संपत, ओळ पुरी होत नसे. तिला स्वतःला आत्यानं शिकवलं होतं, अगदी जीव ओतून, आणि दोन लगीनसराया गेल्या नाहीत तोच लोक आत्याला बोलवायचे बंद झाले. म्हातारी शेवटी शेवटी दुसऱ्यांच्या मांडवात पंगतीला बसायची. हौसाबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

तर अशा या हौसाबाईच्या गळ्यावर, पुढच्या बाजूला, बरोबर पोतीच्या जागी एक गाठ आली. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली, आणि पोत दोनदा वाढवून घ्यावी लागली. दुखत नव्हतीच, त्यामुळे दुखण्यात तिची गणनाच नव्हती. गावानं तिचा अर्थ लावून टाकला होता: ही कुणाला शिकवत नाही, म्हणून गाणी गळ्यात तुंबली. हौसाबाईला हा अर्थ फार आवडला. कुणी गाठीकडे टक लावून पाहिलं की ती पदर आणखी थोडा बाजूला सारी. विठ्ठलवाडीच्या एका लग्नात तर निर्वासितांच्या कॅम्पातले सिंधी लोक निव्वळ गाठवाली धवलारीण बघायला कुंपणाशी उभे राहिले, आणि ही बया त्यांच्याकडे तोंड करून गायली.

शेजारचा काळुराम तेवढा जळायचा. त्याच्या डोक्यावर, ऐन माथ्यावर, कित्येक वर्षांचं आवाळू होतं, गुळगुळीत आणि चकचकीत. त्या आवाळूच्या जोरावर तो मिठाच्या टोपल्या वाहायच्या कामातून सुटला होता. टोपली डोक्यावर ठेवायची कुठे? सगळे ओझी वाहत, आणि काळुराम सावलीत बसून त्यांच्यावर देखरेख करी, जी त्याला कुणी सांगितलेली नव्हती. गाठींतलं आपल्याला कळतं असा त्याचा दावा होता. त्यानं हौसाबाईला बिब्बा सांगितला, शिशाचा पत्रा बांधायला सांगितला, लेप सांगितले. बिब्ब्यानं गळा उतला, पत्र्यानं काळा पडला, आणि गाठ होती तिथेच.

पण ठाकुर्लीच्या एका लग्नात गडबड झाली. हळदीच्या धवल्यात हौसाबाईचा आवाज एकाएकी घोगरा झाला. ओळीच्या मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागलं. असं तिचं कधीच झालं नव्हतं. "धूर जाला मांडवान," असं म्हणून तिनं विडीवाल्यांना बाहेर काढलं. विडीवाले गेले, धूर गेला, घोगरेपणा गेला नाही. पुढे पुढे तर जेवताना घास अडायला लागला आणि उताणं झोपलं की श्वासाला शीळ ऐकू यायला लागली. हौसाबाईनं त्याचा दोष धाकूच्या घोरण्यावर ढकलला.

धाकूनं तीन-चारदा तोंड उघडलं. "डाक्तरला..." एवढंच बोलून व्हायचं. "डाक्तर गेला खड्ड्यान!" हा उत्तरार्ध ठरलेला. तेव्हा त्या मुक्या माणसानं आयुष्यातला पहिला कट केला. एका सकाळी तो कानावर हात दाबून बसला आणि म्हणाला, "कान दुखतंय."

"मंग चला डाक्तरकडं," हौसाबाई म्हणाली. "तुमाला धड सांगता येनार नाय. मीच येतंय."

दोघं रूळ ओलांडून नौपाड्यात डॉक्टर सबनिसांकडे गेली. सबनीस ठाण्यातल्या जुन्या कायस्थ घरातले, मुंबईच्या इस्पितळात शस्त्रक्रिया शिकून आलेले, वयानं तरुण आणि बोलायला अत्यंत मऊ.

"काय होतंय?" त्यांनी धाकूला विचारलं.

हौसाबाईनं सांगायला सुरुवात केली. कान कधीपासून दुखतो, लहानपणी त्यात काय गेलं होतं, सासूनं कोणतं तेल घातलं होतं. डॉक्टर ऐकत होते, पण बघत होते तिच्या गळ्याकडे. मग उठले आणि त्यांनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"एक घोट घ्या, हौसाबाई."

"दुखना त्यांचा, पानी मना कशाला?"

"बोलून बोलून घसा सुकला असेल."

हे तिला पटलं. तिनं घोट घेतला, आणि डॉक्टरांनी मागे उभं राहून दोन्ही हातांची बोटं अलगद तिच्या गळ्यावर ठेवली. "आणखी एक. आणखी एक." तिसऱ्या घोटाला हौसाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं मान वळवून धाकूकडे पाहिलं. धाकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे अत्यंत लक्ष देऊन बघत होता, आणि कानावरचा हात केव्हाच खाली आला होता. वाचता तर येत नव्हतं त्याला.

"ही तर डोंगराकडच्या माणसांना होणारी गाठ. मिठागराकाठी राहून, मासळी खाऊन ही कुठून आणलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"उसनी नाय आनली. घरचीच हाय."

मग डॉक्टरांनी तिला आरसा दिला आणि घोट घेताना बघायला सांगितलं. गाठ घोटाबरोबर वर जात होती आणि परत खाली येत होती. "बघा," ते म्हणाले, "मानेच्या कडेला गाठी येतात, जबड्याखाली येतात, डोक्यावर आवाळू येतं. त्या अशा वर-खाली होत नाहीत. ही होते, कारण श्वासनळीला चिकटून एक ग्रंथी असते, ही तिची गाठ आहे. गाण्यांची नव्हे."

"दुखत त नाय."

"तोच घोळ आहे. दुखते ती वाईट आणि न दुखते ती चांगली, असं गाठीचं नसतं. मोठी वाईट, बारकी चांगली, असंही नसतं. गाठ वाढते आहे का, कडक आहे का, आवाज बदलला का, गिळायला अडतं का, हे बघायचं. तुमचं वाढणं, आवाज आणि गिळणं, तिन्ही आहे. ती श्वासनळी दाबते आहे. काढावी लागेल."

"काढ मंग."

सबनिसांनी आरसा परत घेतला. मऊ बोलत असले तरी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "आवाजाची नस या ग्रंथीच्या अगदी मागून जाते. दोऱ्याएवढी असते. मी फार जपेन. पण आवाज जसाच्या तसा राहील असा शब्द देता येत नाही."

हौसाबाईनं पेला खाली ठेवला. "चला," ती धाकूला म्हणाली. "कान बरा झाला तुमचा."

घरी आल्यावर ती दोन दिवस फार गप्प होती, आणि गावाला वाटलं कुणी तरी गेलं. आवाज गेला तर आपण कोण, हा प्रश्न तिला पडला होता. हौसाबाई म्हणजे गळा. बाकी मग काय, स्वयंपाक करणारी उंच बाई. आत्या निदान गाणी देऊन पंगतीला बसली होती.

तिसऱ्या दिवशी तिनं दुसरीकडे मन रमवलं. डॉक्टरची विद्या तिला आलीच होती. तिनं ओटीवर हंडा मांडला आणि येईल त्याला पाणी पाजून त्याचा गळा बघायला सुरुवात केली. कोपरीतली धडधाकट माणसं त्या आठवड्यात जेवढं पाणी प्यायली तेवढं उन्हाळ्यातही पीत नाहीत. काळुरामला तर तिनं तांब्यावर तांबे पाजले आणि त्याच्या माथ्याकडे डोळे लावून बसली.

"हालत नाय रे काळुराम. तुजी गाठ बिनकामाची."

"बिनकामाची कशी?" काळुराम चवताळला. "नीट बग! मी गिलतंय तवा आतून ओढतंय मना!"

पुढे तो हट्टानं सबनिसांकडे गेला, आपलं आवाळू हौसाबाईच्या गाठीपेक्षा जबर आहे असा दाखला आणायला. डॉक्टरांनी ते दाबून पाहिलं, "काही नाही, चरबीची पिशवी आहे," म्हणाले आणि बसल्या बसल्या काढून टाकलं. जखम भरल्यावर काळुरामचा माथा इतका सपाट झाला की मुकादमानं त्याच्यासाठी टोपली वेगळी काढून ठेवली. काळुराम डॉक्टरांना जन्मभर शिव्या देत होता.

हौसाबाई हसली, पण हसता हसता तिला धाप लागली आणि ती खांबाला धरून खाली बसली. श्वास आत जाताना शीळ वाजत होती, भर दिवसा, बसल्या जागी. धाकू समोरच होता. त्यानं पाणी आणलं नाही, वारा घातला नाही. तो तिच्यापुढे बसला आणि म्हणाला, "आवाज नसला त चालंल मना." वाक्य पुरं झालं, कारण मध्ये बोलायला तिच्यापाशी श्वास नव्हता.

मार्गशीर्षात तिची भाची नंदा हिचं लग्न होतं. ते आपण लावणार, असं तिनं नंदाच्या बारशालाच सांगून ठेवलेलं. या शीळ घालणाऱ्या श्वासावर ते निभणार नव्हतं. तिनं डॉक्टरांना निरोप धाडला: काढ, पण मना झोपवू नको. आवाज जायचा तर मी जागी असताना जाऊ दे.

सबनिसांना हे उलट सोयीचंच होतं. अशा वेळी ते मानेपुरतीच भूल देत. रोगी जागा राहून बोलत असला की नसेच्या जवळ हात गेलेला आवाजावरूनच कळतो. "फक्त बोलायचं," त्यांनी बजावलं. "गायचं नाही. गाताना नळी नाचते, आणि माझ्या हातात सुरी असते."

इस्पितळातल्या टेबलावर डोक्यापासून छातीपर्यंत कापडं पांघरलेली. बाजूला सरोज नावाची नर्स हात धरून बसलेली. धाकू दाराबाहेर बाकावर.

"बोला, हौसाबाई," डॉक्टर म्हणाले.

आणि जन्मात पहिल्यांदा हौसाबाईला काय बोलावं ते सुचेना. "अंक म्हणा," सरोज म्हणाली. अंक विसापर्यंत येत होते, ते चटकन संपले. "देवांची नावं घ्या." देवांची नावं तिला धवल्यातच येत, आणि धवला नुसता बोलून यायला तयार नव्हता. सूर काढून घेतला की शब्दही निघून जात. तिनं हळूच सूर धरलाच. "गायचं नाही!" डॉक्टर म्हणाले.

"तुजा लगीन झालाय कं गो?" तिनं सरोजला विचारलं.

"नाही."

"मंग कवा करतंस, केस पिकल्यावर?"

सरोजनं विषय बदलला. "तुमच्या मालकांबद्दल सांगा."

बस. सरोजनं एवढं म्हणायची खोटी. हौसाबाईला विषय मिळाला, आणि तो संपणारा नव्हता. धाकू कसा दारातच चपला काढतो, कसा मिठाचे पाय घेऊन घरभर फिरतो, विचारलं तर नुसता मान हलवतो, कसा तिच्या बापानं मुका जावई पसंत केला. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर कसा घामाघूम झाला. मासळी आणायला पाठवलं तर कोळणीशी भाव न करता गप्प उभा राहतो, आणि कोळणीच दया येऊन एक मासळी जास्त टाकतात. कानाचं ढोंग करून तिला इथं आणलं, असलं सोंग त्याला जमलं तरी कसं. डॉक्टर काम करत होते, सरोज ओठ दाबून हसत होती. बाहेर बाकावर धाकू सगळं ऐकत होता.

"ठाकुर्लीहून येताना पाय मुरगलला माजा," ती सांगत होती, "तवा यो बाबा..."

आणि आवाज चिरला. पुढचा शब्द नुसती हवा होऊन बाहेर आला. डॉक्टरांचा हात जागीच थांबला. हौसाबाईला दुखत नव्हतं काही, पण असली भीती तिला कधी वाटली नव्हती. तिनं तोंड हलवलं, काहीच आलं नाही.

"बोल गो!" बाहेरून कुणी तरी ओरडलं. आवाज ओळखीचा नव्हता. "मंग कं जाला ते सांग! थांबू नको, हौसे!"

धाकू होता. ओरडत होता, दारावर हात आपटत होता. शेवटी वॉर्डबॉयनं त्याला धरून बसवलं. डॉक्टरांनी चिमटा सोडला, हात बाजूला घेतला आणि वाट पाहिली.

"...पाठीवर घेऊन आला," हौसाबाई म्हणाली. आवाज खरखरीत होता, पण होता.

गाठ निघाली. सबनिसांनी ती तपासायला मुंबईला पाठवली आणि काही वाईट नाही असं उत्तर आलं. श्वास मोकळा झाला, घास उतरायला लागला. बोलणं परत आलं, खालच्या पट्टीत आणि थोडं घोगरं, पण धाकूला पुरेल एवढं. वरचा सूर मात्र आला नाही. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले, आणि मग प्रामाणिकपणे म्हणाले, "किंवा नाही येणार."

हौसाबाईनं हे कुणालाच सांगितलं नाही. नंदाच्या लग्नाला ती नवं पातळ नेसून, गळ्यावरचा व्रण पदराखाली घेऊन पाटावर बसली. पाण्याचा धवला खालच्या सुरात निभावला. मांडवाचा निभावला. लोकांना आवाज बदललेला कळत होता, पण भीतीनं कुणी बोललं नाही. मग हळद आली. त्या धवल्यात चौथी ओळ उंच चढते. ती चढल्याशिवाय नवरीला हळद लावायची नसते.

तिनं ओळ धरली. आवाज दोन पायऱ्या चढला आणि फाटला. पुन्हा धरली. पुन्हा फाटला. बायकांचे हळदीनं भरलेले हात हवेत थांबले. नंदा पाटावर डोळे मिटून बसली होती, तिनं डोळे उघडले. हौसाबाईनं मांडवभर नजर फिरवली. गाणी येणारी एकही बाई तिथं नव्हती. कशी असेल? तिनं एकीलाही येऊ दिली नव्हती.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं ती ओळ आली. सूर बेडकाचा होता, पण चढला. शब्द बिनचूक होते. सगळ्यांनी माना वळवल्या. खांबाला टेकून, डोळे घट्ट मिटून, धाकू हळदीचा धवला गात होता.

पहिल्यांदा पोरं हसली. मग बाया हसल्या. बाप्यानं धवला म्हणायचा, हे कोपरीत कुणी ऐकलं नव्हतं. काळुराम तर हसून हसून खाली बसला. धाकूचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. ओळ संपली तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि मार खायच्या तयारीनं बायकोकडे पाहिलं.

"तिथं कं उभं ऱ्हायलाव?" हौसाबाई म्हणाली. "इकडं येऊन बसा."

बायकांनी सरकून जागा केली. धाकू पाटाच्या कडेला अंग चोरून बसला. खालच्या ओळी तिनं म्हटल्या, वरच्या त्यानं. हळद लागली. लग्न मात्र फार लांबलं, कारण हौसाबाई सवयीनं दोन-चार कडवी गाळायची, धाकू एकही गाळू देईना.

परतताना दोघं खाडीच्या बांधावरून चालली होती. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "कवा शिकलाव?"

"शिकलो नाय," धाकू म्हणाला. "तू बोलू देत नव्हतीस. मंग आयकत व्हतो."

हौसाबाई तशीच चालत राहिली. बांध संपायला आला तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले आणि नेहमीच्या कडक सुरात म्हणाली, "चवथ्या ओलीला घाई करताव तुमी. उद्या सकाली माज्यापुढं बसा. आनि येताना त्या तांदूल निवडनाऱ्या पोरींना पन बोलवा."